निवृत्ती पेंटरचा खोळवाला

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात धड असं एकच पोतं होतं. रात्री ते अंथरायचं आणि सकाळी झटकून त्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसायचा, की झाली खोळ. ती डोक्यावर घेऊन माय खडी फोडायला जायची. खोळ ही खरं तर पावसाची वस्तू. पाऊस लागला की गरीब माणूस पोत्याची खोळ करून पाठ झाकतो. त्या साली पाऊसच नव्हता, म्हणून खोळ उन्हाला कामाला आली. वडील हैदराबादेकडं काम शोधायला गेले होते आणि त्यांची खुशाली कळत नव्हती. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची लाल भाकरी थापता थापता तुटायची. मायनं जन्मभर ज्वारीची भाकरी केलेली, तिला ती तुटलेली भाकरी आम्हाला वाढायची लाज वाटायची. ती आम्हाला आधी तोंड फिरवून बसायला सांगायची आणि मग ताटात टाकायची.

निलंगा रस्त्याच्या खडीच्या कामावर आमच्या वस्तीतली सगळी घरं होती. मी चौदा वर्षांची, मायच्या शेजारी बसून हातोडा चालवायचे. आमच्या पलीकडच्या ढिगावर निवृत्तीमामा असायचा. सख्खा मामा नव्हे, वस्तीच्या नात्यानं मायचा भाऊ. उंच, वाळका, आणि हाताची बोटं अंगाला न शोभणारी लांब. दुष्काळाच्या आधी तो बैलगाड्यांवर, ट्रंकांवर, दुकानांच्या पत्र्यांवर नावं रंगवायचा. दुष्काळात कोण नाव रंगवून घेणार? तो खडी फोडायला लागला.

कामावर बाभळीखाली पाण्याचं पिंप होतं. इतर लोक स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचे. आम्ही गेलो की पाणक्या वरून ओंजळीत धार सोडायचा. आमच्या आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला होता. त्या पिंपापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

एका दुपारच्या सुट्टीत निवृत्तीमामानं कोळसा आणि चुना घेऊन एका मोठ्या धोंड्यावर चित्र काढलं. डोक्यावरून पाठीवर खोळ घेतलेला एक माणूस. तोंड अर्धं खोळीच्या सावलीत. छाती उघडी, धोतर गुडघ्यापर्यंत, आणि एका हातावर उचललेलं भरलेलं पिंप. बायका हातोडे टाकून बघायला गोळा झाल्या. मुकादमही आला.

"काय रं निवृत्ती, ह्यो कोण? देव का?"

"न्हाई जी. खोळवाला."

"उडतो का?"

"उडून काय करंल? माणसं खाली हायत."

मुकादम हसला. मग विचारलं, "आन् पिंप कामून उचललंय त्यानं?"

"मधी ठेवायला. समद्यांनी घ्यावं म्हनून."

मुकादमाचं हसणं तिथंच थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच पिंपातलं पाणी, जे आम्हाला ओंजळभर मिळायचं, दोन बादल्या भरून धोंड्यावर ओतलं आणि चित्र धुऊन काढलं. हजेरीच्या मस्टरवरून निवृत्तीमामाचं नाव कमी झालं. कारण विचारायला गेला तर कारकून म्हणाला, "तुझं नाव इथं कधी नव्हतंच."

खोळवाला जन्मला तो असा. पुढं त्याच्या जन्माची जी कथा रंगीत पुस्तकांत छापून आली ती खोटी आहे. तो धोंडा मी बघितलेला आहे.

निवृत्तीमामा गयामामीला घेऊन लातूरला गेला. वर्षभरानं मायनंही बिऱ्हाड लातूरला आणलं. ती मोंढ्यात धान्य झाडायला जायची आणि आमची खोली त्याच्या खोलीला लागून होती. त्यामुळं तो काम कसा करायचा ते मी रोज बघितलं. रंगाचा डबा उघडला की आधी वास घ्यायचा आणि वास पसंत पडला नाही तर झाकण लावून ठेवायचा. भिंतीवर सरळ रेघ लागली तर चुन्यात भिजवलेली सुतळी ताणून फटका मारायचा आणि फटका नीट बसला तर स्वतःलाच "शाब्बास" म्हणायचा. नवीन माणूस भेटला की "नाव काय?" विचारून ते नाव हवेत बोटानं लिहायचा. मग डोळे बारीक करून सांगायचा, "तुमचं नाव जागा लई घेतंय, साहेब." किंवा, "ह्ये नाव आटोपशीर हाय, स्वस्तात होईल." माझं नाव सुमन. त्याच्या मते ते पेढ्याच्या खोक्यावर शोभणारं नाव.

खोळवाला त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. मोंढ्याजवळ एक छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापणारं. मालकाला लोक अण्णा म्हणायचे. निवृत्तीमामानं त्यांना सोळा पानांची चित्रकथा दाखवली. अण्णा म्हणाले, "अक्षरं मी जुळवतो. चित्रांचे ब्लॉक कोण करणार? ते सोलापूरहून येतात, आपल्याला झेपायचे नाहीत."

निवृत्तीमामा टायरच्या चपला करणाऱ्याकडं गेला. ट्रकच्या टायरची कातरणं आणली, लाकडाच्या फळीवर चिकटवली आणि चपलांच्याच रापीनं त्यांवर चित्रं कोरली. तीन महिने गेले. पहिलं पान छापून निघालं तेव्हा मी तिथंच होते. अण्णांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "निवृत्ती, तुझा गडी डावखुरा झाला की रे!"

ठसा उलटा उमटतो हे शिक्के करणारं लहान पोरही जाणतं. पण मामा होता पाटी रंगवणारा. पाटीवर जसं काढाल तसंच दिसतं. त्यानं कागदावरचं चित्र जसंच्या तसं रबरावर कोरलं होतं आणि छापल्यावर खोळवाल्यानं पिंप डाव्या हातावर उचललं होतं. सगळ्या सोळा पानांत. पुन्हा कोरायला टायर नव्हतं आणि दमही नव्हता. मामानं कागद हातात घेतला.

"राहू द्या, अण्णा. उजवा हात खडी फोडून कामातून गेला असंल त्याचा."

तेव्हापासून खोळवाला डावखुरा. पुढच्या अंकांत ठसा उलटा कोरायचं मामाला कळलं होतं, तरी हात त्यानं डावाच ठेवला.

त्या पुस्तिका लातूरच्या एसटी स्टँडवर, निलंग्याच्या, उदगीरच्या बाजारात, नांदेडला स्टेशनसमोर विकल्या जायच्या. विकायला बहुतेक वेळा गयामामी बसायची. विकायला आणलेल्या जळणाच्या मोळीशेजारी पोतं अंथरून पुस्तिका मांडायची. एकदा निलंग्याच्या बाजारात मी तिच्याबरोबर होते. एक म्हातारी पुढं आली, पुस्तिका उचलली, उलटीसुलटी केली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यो कोणत्या हातानं उचलून राहिला गं?"

"डाव्या," मामी म्हणाली.

"खरंच डाव्या? कुणी चूक तर न्हाई केली?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. मामी म्हणाली, "चूक कशी आसंल? त्याची ताकदच डाव्यात हाय."

म्हातारी खाली बसली. "माझ्या नातवाचा डावा हात मास्तर बाकाला बांधून ठेवतो. पोरगं रातीला झोपेत उजव्या हातानं लिहितंय, रडतंय. दे एक. मास्तरालाच दाखवते, रांडेच्याला."

चारपाच वर्षांत खोळवाला आमच्या मुलखात असा पसरला की त्याला कुणी काढलं हे विचारायची गरज कुणाला राहिली नाही. मोंढ्यातले हमाल शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना एकमेकांना "चल खोळवाल्या" म्हणायचे. टँकरच्या रांगेत भांडण लागलं की एखादी बाई ओरडायची, "आता काय खोळवाला येतोय व्हय पिंप मधी ठेवायला?" आखाड्यात डाव्या हाताचा पट काढणाऱ्या पैलवानाला खोळवाला म्हणायला लागले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागं तो यायला लागला, तोही मामानं न काढलेला, कुणीकुणी आपापल्या हातानं काढलेला, कधी बेढब, कधी ढेरपोट्या. मामा रस्त्यात थांबून बघायचा. "खोळीची घडी चुकली," म्हणायचा आणि खूश होऊन पुढं जायचा.

त्याला एकदाच मी घाबरलेलं बघितलं. एका गावात (नाव लिहीत नाही, गाव अजून आहे) आमच्या वस्तीतल्या चार पोरांनी पोत्याच्या खोळी घेतल्या आणि शाळेतला पाण्याचा रांजण उचलून मधल्या ओसरीत आणून ठेवला. पोरांना गावानं मारलं आणि रांजण परत आत नेला. एकाचं मनगट मोडलं, डावं. बातमी आली तशी मामानं हातातला ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो त्या गावाला गेला. त्याच्याबरोबर गेलेल्या माणसानं सांगितलेलं लिहिते. मामा हेडमास्तरांच्या खोलीत गेला, टोपी काढली नाही, आणि म्हणाला, "पोरांनी जे केलं ते मी शिकवलं. पुस्तक माझं. मारायचं तर मला मारा."

हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही चित्रं काढता. ते खेळ आहेत हो. मुलांना काय कळतंय?"

"खेळ असता तर मनगट मोडलं असतं का?"

पुढचा अंक त्या रांजणाचा होता. गावाचं नाव नव्हतं, पण ओसरीचे खांब हुबेहूब होते. अंक त्या गावच्या बाजारात पोचला आणि पंधरवड्यात रांजण पुन्हा ओसरीत आला. कुणी आणला, कुणी सांगितलं नाही. तो मी स्वतः जाऊन बघितला आहे आणि त्यातलं पाणी माझ्या हातानं पिऊन आले आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

मी मॅट्रिक झाले आणि नांदेडला कॉलेजात गेले. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजात जाणारी मी पहिली. वस्तीत कुणालाही कागद आला, कोर्टाचा असो की पोस्टाचा, तो माझी वाट बघत ठेवला जायचा. मी सुट्टीत आले की लोक कागद घेऊन रांगेत बसायचे. मी वाचून अर्थ सांगायचे आणि मला ते फार आवडायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मोठ्या शहरातल्या एका प्रकाशनाचा माणूस नांदेडला आला. तिथल्या लॉजवर त्यानं मामाला बोलावून घेतलं, शाल घातली, नारळ दिला आणि दोन पानी टाइप केलेला इंग्रजी कागद पुढं ठेवला. खोळवाला आता सगळ्या महाराष्ट्रात जाणार, रंगीत होणार, म्हणाला. मामानं सही केली नाही. म्हणाला, "आमची पोरगी इथंच कालेजात हाय. ती वाचंल, मग दस्कत."

दुपारी तो अंगावर शाल तशीच घेऊन आमच्या होस्टेलच्या फाटकाशी आला. लॉजवाला माणूस थोडा लांब रिक्षाजवळ उभा होता. आमच्या खोलीतल्या आठदहा मुली फाटकाशी जमल्या. खोळवाला काढणारा माणूस सुमनचा मामा आहे हे त्यांना खरंच वाटत नव्हतं.

"वाच गं," मामा म्हणाला. "मला एकच सांग. माझं नाव राहतंय नव्हं?"

मी वाचायला लागले. गाइडातून इंग्रजी पास झालेली मुलगी मी. एका वाक्यात सहासहा ओळी होत्या. तिसरा हिस्साही मला कळला नाही. मामाचं नाव वर टाइप केलेलं होतं तेवढं दिसलं. मुली बघत होत्या. मामा माझ्याकडं असं बघत होता की जणू मीच ती इंग्रजी भाषा काढली.

"राहतंय," मी म्हणाले. "सगळं बरोबर हाय, मामा. करा सही."

त्यानं फाटकाच्या खांबावर कागद टेकवून सही केली. पाटी रंगवावी तशी, वर सरळ रेघ देऊन, अक्षर अन् अक्षर वेगळं. निवृत्ती सटवाजी गायकवाड. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वर्षभरानं नांदेड स्टँडवरच्या एका स्टॉलवर मला ते पुस्तक दिसलं, दोरीला चिमट्यानं टांगलेलं. नाव होतं 'गगनवीर'. गोरापान, लाल रेशमी झूल पाठीवर, ढगांतून उडणारा. हात उजवा. आत त्याच्या जन्माची कथा होती: तो राजपुत्र, शत्रूच्या भीतीनं लहानपणी हमालाच्या घरी ठेवलेला. राजवाड्यात परत गेल्यावर तो नदी वळवून आणतो आणि राजा प्रजेला पाणी वाटतो. पिंप नव्हतं. बाभूळ नव्हती. ओंजळी नव्हत्या. मी पुढून मागून दोनदा चाळलं. चित्रकाराचं म्हणून एक नाव होतं, ते मामाचं नव्हतं.

दोन महिने मी लातूरला गेले नाही. गेले तेव्हा पुस्तक त्याच्याकडं आलेलं होतं. तो म्हणाला, "छपाई चांगली हाय." मग पान उलटून झुलीवर बोट ठेवलं. "आतून अस्तर लावलंय बघ. लई भारी कापड. ह्याला भिजायची भीती वाटंल."

माझ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढं त्यानं एका शाळेच्या भिंतीवर आपला जुना खोळवाला काढला, तर प्रकाशनाची नोटीस आली. ती इंग्रजी नोटीस त्यानं माझ्याकडं आणली नाही, एका वकिलाकडं नेली. वकिलानं सांगितलं, "तुम्ही सगळं कायमचं लिहून दिलंय. आता तुमचा हा माणूस तुम्हालाच काढता येणार नाही." मामानं ती भिंत स्वतः चुन्यानं पुसली. मुकादमाला दोन बादल्या पाणी लागलं होतं. मामाला अर्धा डबा चुना पुरला.

आणि गगनवीर सगळीकडं झाला. आमच्या पोरांनीही तो घेतला. पोत्याची खोळ सोडून मायच्या लुगड्याचा पदर पाठीला बांधून पोरं कट्ट्यांवरून उड्या मारायला लागली. एकाचा पाय मोडला. त्यावर मामा एवढंच म्हणाला, "मी सांगत होतो. उडून काय करंल?"

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. मी बी.ए. होऊन नव्या कचेरीत कारकून लागले होते. जिल्हा झाल्याचा सगळ्यात जास्त आनंद पेंटर लोकांना झाला असेल, कारण गावोगावच्या शाळा, दवाखाने, चावड्या, सगळ्यांवर 'जि. उस्मानाबाद' होतं ते 'जि. लातूर' करायचं होतं. मामा गावोगाव शिडी घेऊन फिरत होता. कचेरीच्या कामाला मी शिरूर अनंतपाळला गेले, तर तो शाळेच्या पाटीवर दिसला. पाटी होत आली होती. पेंटर लोक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव बारीक अक्षरात टाकतात. मामाही पूर्वी टाकायचा. कोपरा मोकळा होता.

मी खालून म्हणाले, "मामा, नाव टाका ना."

"नाव टाकलं का दस्कत झाली. दस्कत नको आता."

मी शिडी धरून उभी राहिले. आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलले, "मामा, होस्टेलला तो कागद मला कळला नव्हता."

त्याचा ब्रश थांबला नाही. "ठावं हाय."

"कसं?"

"तुझं बोट एकाच वळीवर तीनदा फिरलं. मी जनमभर अक्षरं करून राहिलो, पोरी. वाचणारं बोट आन् चाचपणारं बोट मला कळतं."

"मग सही कामून केली?"

तो दोन पायऱ्या खाली आला. रंग हाताला लागला होता तो पायजम्याला पुसला.

"फाटकाशी धा पोरी उभ्या होत्या. आपल्यातली पहिली पोरगी कालेजात गेलेली. तिला धा जणीत 'मला येत न्हाई' म्हनायला लावू व्हय?" थोडं थांबून म्हणाला, "आन् शाल बघून मीबी भुललो. समदं आपल्या डोक्यावर घेऊ नको."

मग त्यानं नेहमीसारखं हवेत बोटानं माझं नाव लिहिलं, त्याच्यापुढं बी.ए. लावलं, डोळे बारीक केले.

"आता तुझंबी नाव जागा लई घेतंय."

त्याला आता दवाखान्याच्या पाटीकडं जायचं होतं. ऊन कडक होतं. त्यानं रंगाच्या डब्यांखाली अंथरलेलं पोतं झटकलं, कोपऱ्यात कोपरा खुपसला, डोक्यावर घेतलं आणि शिडी खांद्यावर टाकून निघाला. शाळेच्या ओसरीतून एक पोरगं ओरडलं, "गगनवीर आला, गगनवीर!" मामानं वळून बघितलं नाही.

मी त्याला चालतं फिरतं बघितलं ते तेव्हाच शेवटचं. त्याला छातीचा आजार होता, तो रंगाच्या वासानं वाढला आणि मामा त्यातच गेला. गयामामीनं टायरचे ठसे आणि सहीचा तो इंग्रजी कागद पत्र्याच्या पेटीत घालून माझ्याकडं आणून दिले. म्हणाली, "तुला वाचता येतंय, तूच ठेव." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही.

त्यानंतर मी तो इंग्रजी कागद शब्दकोश घेऊन ओळ न् ओळ वाचला. मग मामाचा खोळवाला आणि त्याचं नाव परत मागत पत्रं लिहायला लागले. प्रकाशनाची माणसं बदलली, पत्ते बदलले, मी निवृत्त झाले. कागद त्यांच्या बाजूनं होता आणि आहे. शेवटी तिथल्या एका नव्या माणसानं ठसे बघायला मागितले. मी पेटी घेऊन स्वतः गेले आणि त्यांच्या टेबलावर एकेक ठसा मांडला.

खोळ परत मिळाली नाही. डावा हात मिळाला नाही. पिंप मिळालं नाही. गगनवीरच्या नव्या आवृत्तीत दुसऱ्या पानावर, खाली, बारीक टाइपात आता एक ओळ आहे: मूळ चित्रकार – निवृत्ती सटवाजी गायकवाड, जि. लातूर.